बालरुग्णालयांतील कार्यपद्धतींचे सर्वेक्षण: एथिक्स कमिटीकडे अर्ज, पात्रता आणि कागदपत्रे

मिरजेची ओळख वैद्यकीय पंढरी अशी आहे आणि सांगलीपासून कराड, साताऱ्यापर्यंतच्या पट्ट्यात मुलांची रुग्णालये, नवजात बालकांचे अतिदक्षता विभाग आणि शासकीय रुग्णालयांतील एसएनसीयू (आजारी नवजात बालकांचे विशेष काळजी विभाग) यांची संख्याही बरी आहे. तरीही एका रुग्णालयात कांगारू केअरसाठी, म्हणजे बाळाला छातीशी त्वचेला त्वचा लावून ऊब देण्यासाठी, आईला दिवसभर बसता यावे म्हणून केलेली साधीशी सोय दोन गल्ल्यांपलीकडच्या रुग्णालयाला ठाऊक नसते. अशा चांगल्या पद्धती एकमेकांपर्यंत पोहोचाव्यात म्हणून काही बालरोगतज्ज्ञ, परिचर्या महाविद्यालयांतील अध्यापक आणि पदव्युत्तर विद्यार्थी आता डॉक्टरांना आणि परिचारिकांना प्रश्नावली पाठवून माहिती गोळा करू लागले आहेत. हेतू उत्तम असला, तरी त्यासाठी लागणारी एथिक्स कमिटीची, म्हणजेच नैतिकता समितीची, मान्यता बहुतेकांना शेवटी आठवते आणि तोवर उशीर झालेला असतो.

उशीर या शब्दाचा अर्थ इथे शब्दशः घ्यावा. आयसीएमआरने (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने) 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार समितीचा आढावा अभ्यास सुरू होण्यापूर्वी व्हावा लागतो, काम झाल्यावर मागच्या तारखेने मान्यता मिळत नाही. माझ्या परिचयातल्या एका डॉक्टरांनी व्हॉट्सॲप ग्रुपवर गूगल फॉर्म टाकला, चार दिवसांत भरपूर उत्तरे आली आणि नियतकालिकाने मान्यतेचे पत्र मागितल्यावर ते समितीच्या कार्यालयात आले. फॉर्म चांगला होता, उत्तरे प्रामाणिक होती, पण पत्र मिळाले नाही आणि सगळी माहिती बाजूला ठेवावी लागली.

अंतर्गत तपासणी की संशोधन

पहिला प्रश्न हाच की आपण जे करणार आहोत त्याला समितीची गरज आहे का. रुग्णालयाने स्वतःच्या वॉर्डातील गुणवत्ता तपासण्यासाठी, आपल्याच कर्मचाऱ्यांना, आपल्याच सुधारणेसाठी प्रश्न विचारले, तर ती अंतर्गत तपासणी ठरते आणि व्यवस्थापनाची परवानगी सहसा पुरते. निष्कर्ष इतर रुग्णालयांना लागू पडावेत, परिषदेत मांडावेत किंवा छापावेत असा हेतू असेल, तर ते संशोधन होते. अनेक रुग्णालयांत एकच प्रश्नावली फिरवून पद्धतींची तुलना करणे जवळजवळ नेहमीच या दुसऱ्या प्रकारात मोडते. वर उल्लेखलेल्या तत्त्वांमध्ये संस्थेतील गुणवत्ता-तपासणीसारख्या अत्यल्प जोखमीच्या कामांना आढाव्यातून सूट देण्याची तरतूद आहे, पण सूट मिळते की नाही हे समिती ठरवते, अर्जदार नव्हे. त्यामुळे “आमचे साधे सर्वेक्षण आहे, सूटच मिळेल” असे वाटत असले, तरी अर्ज करावाच लागतो.

कोण अर्ज करू शकतो

मुख्य संशोधक म्हणून त्या विषयाचे शिक्षण आणि अनुभव असलेली व्यक्ती हवी. बालरोगतज्ज्ञ, परिचर्या क्षेत्रातील अध्यापक किंवा जनआरोग्य विषयातील तज्ज्ञ यांना अडचण येत नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्याचा प्रबंध असेल, तर अर्जावर मार्गदर्शकाची सही लागते आणि कामाची जबाबदारीही त्यांचीच राहते. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेच्या जैववैद्यकीय संशोधनाच्या मूलभूत अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र असल्यास ते जोडावे, कारण प्रशिक्षणाचा पुरावा समित्या मागतात.

ज्यांच्याकडे स्वतःची समिती नाही अशा खासगी बालरुग्णालयांच्या डॉक्टरांचा गोंधळ इथेच होतो. दहा-पंधरा खाटांच्या रुग्णालयाने स्वतंत्र समिती स्थापन करण्याची गरज नाही. दुसऱ्या संस्थेशी, उदाहरणार्थ जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाशी, लेखी सामंजस्य करार करून तिच्या समितीकडे प्रस्ताव नेता येतो. समिती आणि रुग्णालय एकाच शहरात किंवा 50 किलोमीटरच्या आत असावे ही जी अट ऐकू येते, ती 2019 च्या नवीन औषधे व क्लिनिकल चाचण्या नियमांत औषध-चाचण्यांसाठी घातलेली आहे, प्रश्नावलीच्या अभ्यासासाठी नाही. मात्र याच नियमांनुसार जैववैद्यकीय व आरोग्य संशोधनाचा आढावा घेणाऱ्या समितीची केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी असावी लागते, तेव्हा नोंदणी क्रमांक आणि त्याची मुदत आधीच विचारून घ्यावी. हा प्रश्न विचारायला संकोच वाटण्याचे कारण नाही, कारण कोणत्याही व्यवस्थित कार्यालयात तो क्रमांक तोंडपाठ असतो.

प्रशासकीय परवानगी वेगळी

समितीची मान्यता मिळाली म्हणजे वॉर्डात जाण्याची मुभा मिळाली असे होत नाही. ज्या ज्या रुग्णालयातील कर्मचाऱ्यांना प्रश्न विचारायचे, त्या प्रत्येकाच्या प्रमुखाचे पत्र हवे. सांगलीचे शासकीय रुग्णालय, ज्याला गावात सगळे सिव्हिलच म्हणतात, मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असल्याने तिथली परवानगी महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांकडे (डीनकडे) मागावी लागते. उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांसाठी जिल्हा शल्यचिकित्सक, तर प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठी जिल्हा परिषदेचे जिल्हा आरोग्य अधिकारी यांच्याकडे जावे लागते. खासगी रुग्णालयाच्या बाबतीत मालक-डॉक्टरांचे लेटरहेडवरील, सही-शिक्क्याचे पत्र पुरेसे असते. अर्ज आवक विभागात देऊन आवक क्रमांक घालून घ्यावा आणि पोच जपून ठेवावी. तोंडी “या, करा” म्हणणारे अधिकारी बदलून गेले की काम अडते.

परदेशातील एखाद्या बालरुग्णालयाशी तुलना करायची असेल किंवा परदेशी निधी असेल, तर आयसीएमआरमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीचीही मान्यता लागते. ही प्रक्रिया स्थानिक मान्यतेपेक्षा लांबते. जिल्ह्याजिल्ह्यांतील देवाणघेवाणीने सुरुवात करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

फाईलमध्ये काय काय असावे

मुखपृष्ठावर मुख्य संशोधकांचे सहीचे विनंतीपत्र आणि त्यामागे समितीचा छापील अर्ज येतो. पुष्कळ समित्या आयसीएमआरच्या सामाईक नमुन्यांवर बेतलेले अर्ज वापरतात. त्यानंतर प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यासाचा आराखडा: पार्श्वभूमी, उद्देश, कोणत्या रुग्णालयांत आणि कोणाला विचारणार, किती जणांना, उत्तरे कशी साठवणार, विश्लेषण कसे करणार. मग सहभागींसाठीचे माहितीपत्रक आणि संमतीपत्र, प्रश्नावली, सर्व संशोधकांची सही केलेली संक्षिप्त माहितीपत्रे (सीव्ही), हितसंबंधांच्या संघर्षाबाबत घोषणापत्र, खर्चाचा अंदाज आणि निधी कोठून येणार याचा तपशील, रुग्णालयांची परवानगीपत्रे आणि सामंजस्य करार असल्यास त्याची प्रत. चहापान किंवा प्रवासभाडे देणार असाल, तर तेही लिहावे, रक्कम कितीही लहान असो. प्रत्येक कागदावर आवृत्ती क्रमांक आणि तारीख टाकावी. ही सवय नसल्याने सुधारित प्रश्नावली आणि जुनी प्रश्नावली एकाच फाईलमध्ये निघाल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. प्रती किती आणि शुल्क किती हे संस्थेगणिक बदलते, तेव्हा ते समितीच्या सदस्य-सचिवांच्या कार्यालयातच विचारावे.

भाषेबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे. डॉक्टरांसाठीची प्रश्नावली इंग्रजीत चालून जाते, पण अधिपरिचारिका (स्टाफ नर्स), वॉर्डातील मावशी आणि पालक यांच्यासाठीचे सर्व कागद मराठीतच हवेत आणि भाषांतर मूळ मजकुराशी जुळते याचे प्रमाणपत्र सोबत जोडावे. जत तालुक्याच्या पूर्वेकडील गावांतील पालकांना विचारणार असाल, तर कन्नड प्रतही तयार ठेवावी. “सदर संशोधनात्मक उपक्रमामध्ये स्वेच्छेने सहभागी होण्यास माझी संमती असून” अशी वाक्ये कायदेशीर वाटतात, पण रात्रपाळी संपवून निघालेल्या सिस्टरला ती तीनदा वाचावी लागतात. “मी उत्तर दिले नाही तरी माझ्या नोकरीवर त्याचा परिणाम होणार नाही, हे मला समजावून सांगितले आहे” हे वाक्य एकदा वाचून कळते, आणि समितीलाही नेमके तेच हवे असते.

प्रश्नावलीत समिती काय पाहते

बालरुग्णालयाचे सर्वेक्षण म्हटले की अर्जदार मुलांच्या सुरक्षिततेवर पानेच्या पाने लिहितात. प्रत्यक्षात या अभ्यासात सहभागी असते ती उत्तर देणारी परिचारिका किंवा डॉक्टर, आणि जोखीमही तिचीच असते. “औषधाचा डोस देताना मागील महिन्यात चूक झाली का?” या प्रश्नाला तिने खरे उत्तर दिले आणि तो कागद परिसेविकेच्या, म्हणजे वॉर्डप्रमुख सिस्टरच्या, टेबलावर पडून राहिला, तर काय होईल याचा विचार प्रस्तावात दिसला पाहिजे. मार्गदर्शक तत्त्वांमध्ये पदाच्या उतरंडीमुळे ज्यांना नकार देणे कठीण जाते अशांना विशेष संरक्षण सांगितले आहे, आणि अधिसेविकेने (मेट्रनने) वाटलेली प्रश्नावली नाकारणे कोणत्याही अधिपरिचारिकेला सोपे नसते. म्हणून फॉर्म वरिष्ठांच्या हातून वाटू नयेत, नाव विचारू नये आणि भरलेले कागद कुलूप लावलेल्या पेटीत टाकण्याची सोय करावी. पेटी ड्यूटी रूमच्या आत नव्हे, तर वॉर्डाच्या बाहेर, जिन्यापाशी ठेवावी, म्हणजे कोणी टाकले आणि कोणी टाकले नाही हे कोणाला मोजता येत नाही.

नाव काढले म्हणजे ओळख पुसली गेली असेही नाही. एखाद्या तालुक्यात मुलांची दोनच रुग्णालये असतील आणि अहवालात “तालुक्याच्या ठिकाणचे, वीस खाटांचे रुग्णालय” असे लिहिले, तर वाचणाऱ्याला दोन्ही नावे लगेच कळतात. त्यावर पद आणि अनुभवाची वर्षे विचारली, तर व्यक्तीही कळते. महानगरात ही अडचण येत नाही, शिराळा किंवा जावळीसारख्या ठिकाणी ती हमखास येते. म्हणून निष्कर्ष तालुकानिहाय न मांडता जिल्ह्याचे किंवा सांगली-सातारा या दोन्ही जिल्ह्यांचे एकत्र मांडावेत आणि अनुभवाची नेमकी वर्षे विचारण्याऐवजी पाच वर्षांपेक्षा कमी की जास्त एवढेच विचारावे.

प्रश्नांची घडण हा खरे तर समितीपेक्षा मार्गदर्शकाचा विषय, पण निरुपयोगी प्रश्न विचारून लोकांचा वेळ घेणे हेही नैतिकतेत बसत नाही, त्यामुळे सदस्य त्यावर बोट ठेवतात. “कॅन्युला (शिरेत घालायची नळी) लावण्यापूर्वी आपण हात धुता का?” याला सगळेच होय म्हणतात. “आपल्या मागच्या ड्यूटीत बेसिनपाशी साबण होता का, आणि हात कशाला पुसले?” असे विचारले की रुग्णालयाची पद्धत कळते. वजनानुसार डोस काढण्याबाबतही तसेच: डोस दोघांनी तपासता का, यापेक्षा बाळाचे वजन केसपेपरवर कोण लिहितो आणि वजनकाटा शेवटचा कधी तपासला हे विचारणे उपयोगाचे ठरते. फॉर्म ऑनलाईन असेल, तर एकाच व्यक्तीने दोनदा भरू नये म्हणून काय केले आणि ईमेल पत्ता आपोआप नोंदवला जाणार का, हे प्रोटोकॉलमध्ये स्पष्ट लिहावे. गूगल फॉर्ममध्ये ईमेल नोंदवण्याची सोय सुरू ठेवून “निनावी सर्वेक्षण” असे शीर्षक देणे ही वारंवार आढळणारी चूक आहे.

पालकांना किंवा मुलांनाच विचारायचे झाले, तर बाब वेगळी होते. बालकांवरील संशोधनासाठी आयसीएमआरची 2017 चीच स्वतंत्र तत्त्वे आहेत. आईवडिलांच्या संमतीबरोबरच 7 ते 12 वर्षांच्या मुलाची तोंडी आणि 12 ते 18 वर्षांच्या मुलाची लेखी सहमती घ्यावी लागते. अशा प्रस्तावाकडे समिती अधिक बारकाईने पाहणार, हे धरूनच चालावे.

अर्ज दिल्यानंतर

सदस्य-सचिव प्रथम कागद पुरे आहेत का ते पाहतात आणि जोखमीनुसार प्रस्ताव तीनपैकी एका वाटेने जातो: आढाव्यातून सूट, ठरावीक सदस्यांकडून जलद आढावा, किंवा पूर्ण समितीची बैठक. डॉक्टर-परिचारिकांच्या निनावी सर्वेक्षणाला सहसा पहिल्या दोनपैकी एक वाट मिळते. समितीत सात ते पंधरा सदस्य असतात, किमान निम्मे संस्थेबाहेरचे असतात, अध्यक्षही बाहेरचेच असतात आणि बैठकीसाठी किमान पाच जण हजर लागतात. वैद्यकीय क्षेत्राशी संबंध नसलेला सामान्य नागरिक सदस्यही त्यात असतो. आपले मराठी माहितीपत्रक सर्वांत काळजीपूर्वक वाचतो तो बहुधा हाच सदस्य, तेव्हा त्याच्या शंका किरकोळ समजू नयेत. शंकांचे उत्तर मुद्देनिहाय, बदललेल्या ओळी अधोरेखित करून द्यावे.

अनेक रुग्णालयांच्या अभ्यासात प्रत्येक संस्थेची स्वतःची समिती असेल, तर प्रत्येकीकडे जावे लागते किंवा त्या समित्यांनी मिळून एकीला सामाईक आढाव्यासाठी मान्य करावे लागते. दुसरा मार्ग श्रम वाचवणारा आहे, पण त्यासाठी संस्थांचे आपसांत लेखी ठरलेले असावे लागते.

मान्यतेच्या पत्रावर अभ्यासाचे शीर्षक, कागदांच्या आवृत्त्या आणि मुदत लिहिलेली असते. त्यानंतर एकही प्रश्न वाढवायचा किंवा नवे रुग्णालय जोडायचे झाल्यास सुधारणा-अर्ज द्यावा लागतो. मुदत उलटणार असेल, तर ती संपण्याआधी प्रगती-अहवाल द्यावा. काम संपल्यावर पूर्तता-अहवाल दिला जातो आणि समिती अभ्यासाची कागदपत्रे त्यानंतर किमान तीन वर्षे जपून ठेवते. सहभागी रुग्णालयांना निष्कर्ष कसे कळवणार हे प्रोटोकॉलमध्ये लिहिलेले असेल, तर त्याची पूर्तता झाली की नाही हेही याच अहवालात नमूद करावे लागते, आणि वॉर्डाच्या सूचनाफलकावर लावलेल्या मराठी सारांशाची एक प्रत सोबत जोडलेली असली की कार्यालयाकडून त्याबाबत वेगळी विचारणा होत नाही.