काशाची वाटी आणि तळव्याचा नकाशा

वडोदऱ्यात रावपुरा, दांडिया बाजार भागातल्या जुन्या मराठी घरांना उन्हाळ्यात तळव्यांना तूप लावून काशाची वाटी घासणं ओळखीचं आहे. रिफ्लेक्सॉलॉजी, म्हणजे पायाच्या तळव्यावरचे ठरावीक ठिपके दाबून त्या त्या अवयवावर उपचार करण्याची पद्धत, याच परंपरेतून आली, असं सर्रास सांगतात. ते बरोबर नाही. चरकसंहितेत पादाभ्यंगाने, म्हणजे पायांना तेल-तूप चोळल्याने, पायांचा खरखरीतपणा, थकवा, बधिरपणा जातो, दृष्टी निवळते असं म्हटलंय. पण अंगठ्यात मेंदू, तळव्याच्या मध्यात मूत्रपिंड अशी वाटणी तिथे नाही.

ती अमेरिकेतली. हार्टफर्डचे कान-नाक-घसातज्ज्ञ विल्यम फिट्झगेराल्ड यांनी शरीराचे 10 उभे पट्टे कल्पिले. पट्ट्यात एका ठिकाणी दाब दिला की त्याच पट्ट्यातलं दुसरीकडचं दुखणं शमतं, हा दावा 1917 साली पुस्तकात आला. दाबायला कंगवे, रबरबँड असत. 1930च्या दशकात फ्लोरिडात फिजिओथेरपिस्ट युनिस इंगहॅम यांनी तळपायावर अवयवांचा नकाशा मांडला. आज मसाज केंद्रांत टांगलेले रंगीत तक्ते त्याच वंशातले. ठरावीक ठिपक्यातून ठरावीक अवयवाकडे जाणारी वाट मात्र शरीररचनाशास्त्राला सापडलेली नाही.

पाऊण तास निवांत पडून पाय चोळून घेतले तर बरं वाटतंच. म्हणून खरी तुलना साध्या मालिशीशी हवी, आणि आपल्याला कोणतं मिळतंय हे रुग्णाला कळता कामा नये. ब्रिटनमधल्या 2002च्या चाचणीत रजोनिवृत्तीच्या टप्प्यातल्या 76 स्त्रियांची अशी तुलना झाली. दोन्ही गटांना आराम पडला, नकाशामुळे जास्तीचं काही मिळालं नाही. 2000 सालच्या प्रयोगात दोन रिफ्लेक्सॉलॉजिस्टांना 18 जणांचे पाय तपासायला दिले, आजार लपवून. निदान भरवशाचं ठरलं नाही. उलट बाजूही आहे: 1993मध्ये 35 स्त्रियांवरच्या चाचणीत पाळीपूर्वीचा त्रास कमी झाला होता. पण पूरक उपचारांचे संशोधक एड्झार्ड अर्न्स्ट यांनी 2009मध्ये 18 चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा कुठल्याही आजारावर खात्रीलायक पुरावा निघाला नाही.

वाटी घासल्यावर तळवा काळा होतो, ती ‘बाहेर आलेली उष्णता’ नव्हे. काशात तांबं आणि कथील असतं. घासताना त्याचे बारीक कण तुपात, घामात मिसळून काळपट होतात. मधुमेहामुळे तळव्याची जाणीव गेली असेल, तर लाकडी रोलर आणि खड्यांवरून चालणं टाळावं, कारण जखम झालेली कळत नाही. एकाच पोटरीला अचानक सूज आली, दुखू लागलं, तर चोळूच नये. शिरेत गुठळी असू शकते. आधी डॉक्टर गाठावा.