मरुवनस्पती

मरुवनस्पती : जमिनीत पाणी दीर्घकाळ अपुरे असतानाही तग धरून पुनरुत्पादन करणाऱ्या वनस्पतींचा पारिस्थितिकीय गट. निवडुंग, घायपात, करीर, शमी ही परिचित उदाहरणे. हा गट कोणत्याही एका कुलापुरता नाही. एकमेकांशी नाते नसलेल्या अनेक कुलांत ही लक्षणे स्वतंत्रपणे उद्भवली आहेत. पर्णरंध्रे (पानांवरील सूक्ष्म छिद्रे) उघडली की कार्बन डाय-ऑक्साइड आत येतो, पण पाणी बाहेर जाते. मिटली की पाणी वाचते, पण बाष्पोच्छ्वासाने (पानांतून पाण्याची वाफ बाहेर पडण्याने) मिळणारा थंडावा थांबतो. म्हणून पाणी आणि तापमान यांचा विचार येथे एकत्रच करावा लागतो.

संकल्पना : डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ ई. वॉर्मिंग यांनी १८९५ मध्ये पाण्याच्या उपलब्धतेनुसार केलेल्या वर्गीकरणात हा गट रूढ झाला. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ ए. एफ. डब्ल्यू. शिंपर यांनी (१८९८) जाड उपत्वचा (पानावरील मेणचट आवरण), खोलगट रंध्रे, केसाळ पाने या सर्वांचा अर्थ ‘बाष्पोच्छ्वास कमी करणे’ असा लावला. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ एन. ए. मॅक्सिमॉव्ह यांनी मोजमापे घेतली तेव्हा मात्र, मुबलक पाणी मिळाल्यास अनेक मरुवनस्पती एकक पर्णक्षेत्रामागे मध्यवनस्पतींइतके (मध्यम ओलाव्यात वाढणाऱ्या वनस्पतींइतके) किंवा त्यांच्याहून जास्त पाणी सोडतात असे दिसले. मांसल वनस्पती याला अपवाद. टंचाई आल्यावर रंध्रे मिटणे आणि निर्जलीकरण सोसणे हीच मरुवनस्पतींची खरी ओळख, हे मॅक्सिमॉव्ह यांचे मत अधिक ग्राह्य ठरते. खोलगट रंध्रांचा वाद अजून मिटलेला नाही. कण्हेरीच्या पानाच्या खालच्या बाजूला केसांनी भरलेल्या खळग्यांत रंध्रे असतात. अलीकडील गणिती प्रतिमानांनुसार अशा खळग्यांमुळे होणारी पाण्याची बचत अल्प असून, जाड पानात कार्बन डाय-ऑक्साइड खोलवर पोहोचविणे हा त्यांचा मोठा उपयोग असू शकतो.

रात्रीचा अम्लसंचय : दक्षिण भारतात काम करणारे बेंजामिन हाइने यांनी पानफुटीची पाने सकाळी आंबट, दुपारी बेचव आणि संध्याकाळकडे कडसर लागतात असे १८१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पत्रात नोंदविले. पानफुटीसारख्या मांसल वनस्पती रात्री रंध्रे उघडून कार्बन डाय-ऑक्साइड घेतात व तो मॅलिक अम्लाच्या रूपात रिक्तिकेत (पेशीतील द्रवाने भरलेल्या पोकळीत) साठवितात. दिवसा रंध्रे मिटून त्याच साठ्यावर प्रकाशसंश्लेषण चालते. एक ग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड मिळविताना सर्वसाधारण वनस्पती सुमारे ४००–५०० ग्रॅम पाणी गमावतात, तर या ५०–१०० ग्रॅम. रात्र उबदार असेल तर हा फायदा घटतो. टंचाई फार वाढली तर रंध्रे दिवसरात्र मिटलेली राहतात आणि श्वसनातून सुटलेला वायूच आतल्या आत पुन्हा वापरला जातो. तेव्हा वाढ जवळजवळ थांबते.

अम्ल मोजण्यासाठी पहाटे व सूर्यास्तापूर्वी पानाच्या सारख्या चकत्या काढून वजन करतात, ऊर्ध्वपातित पाण्यात उकळतात आणि अर्काचे ०.०१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडने, फिनॉल्फ्थॅलीन दर्शक वापरून, अनुमापन करतात (अम्ल उदासीन होण्यास किती द्रावण लागते ते मोजतात). दोन्ही आकड्यांतील फरक म्हणजे रात्रीचा साठा. सकाळचा नमुना ऊन चढल्यावर घेतला किंवा कोवळे पान निवडले, तर फरक फसवा, म्हणजे खूपच कमी येतो. या प्रक्रियेच्या उगमाचे श्रेय केवळ वाळवंटाला देता येत नाही, कारण पाण्याखाली वाढणाऱ्या आयसोएटिस या नेचेवर्गीय वनस्पतीमध्येही ती आढळते. कार्बन डाय-ऑक्साइडची टंचाई हे मूळ कारण मानणे जास्त सयुक्तिक वाटते.

उष्णता व थंडी : थंडाव्याविना मांसल खोड दुपारी हवेपेक्षा बरेच तापते. हळूहळू सवय झालेल्या फड्या निवडुंगाच्या पेशी सुमारे तासभर ६० अंश से. पेक्षा जास्त तापमान सोसतात. कॅलिफोर्नियातील मृत्यूदरीत (डेथ व्हॅली) वाढणाऱ्या टिडेस्ट्रोमिया या वनस्पतीचे प्रकाशसंश्लेषण सुमारे ४५ अंशांवर सर्वाधिक असते. एन्सेलिया फॅरिनोसा हे वाळवंटी झुडूप कोरड्या हंगामात पांढऱ्या केसांची दाट पाने काढते आणि बराच प्रकाश परतवते. थंडीचे गणित निराळे : उत्तर अमेरिकेतील सोनोराच्या वाळवंटातील सग्वारो या उंच निवडुंगाच्या शेंड्यावरील काटे व लव वाढबिंदूला गारठ्यापासून राखतात, तरी सलग एका दिवसाहून जास्त गोठण टिकली तर झाड मरते.

मुळे : ॲरिझोनातील एका खाणीत प्रोसोपिसची (शमीच्या प्रजातीतील झाडाची) मुळे ५३ मीटर खोलीवर सापडली. निवडुंगाची मुळे उलट उथळ असतात; पाऊस पडल्यावर थोड्याच वेळात नवी मुळे फुटतात. माती सुकू लागली की मूळ आकसते, त्याच्याभोवती हवेची फट पडते आणि खोडातील पाणी मातीत परत झिरपत नाही. कुंडीत सतत ओल राहिली तर हेच मूळ प्राणवायूअभावी कुजते.

अल्पजीवी वर्षायू वनस्पती बियांच्या रूपात दुष्काळ टाळतात. उगवण रोखणारी द्रव्ये धुऊन जाण्यास साधारण २५ मिमी. पाऊस लागतो, १० मिमी. पुरत नाही.

क्रियोसोट झुडूप (लॅरिया ट्रायडेंटाटा) मात्र पाने ठेवूनच तगते : बहुतेक पिके कायमची कोमेजतात तो पाण्याचा ताण सुमारे −१.५ मेगापास्कल (दाबाचे एकक; आकडा जितका ऋण तितकी टंचाई तीव्र), तर हे −५ च्या खालीही प्रकाशसंश्लेषण करते. अमेरिकेच्या मोहावी वाळवंटातील त्याच्या एका वलयाकार समूहाचे वय किरणोत्सर्गी कार्बन मापन व वाढीचा वेग यांवरून सुमारे ११,७०० वर्षे काढले आहे. मात्र मूळ मध्यभाग नष्ट झालेला असल्याने हा आकडा अनुमानाचाच आहे.