ग्राफिक्स कार्ड वेगात पळवायचंय? आधी व्होल्टेज उतरवा

‘एक सेटिंग बदला, एफपीएस (गेममध्ये सेकंदाला दिसणारी चित्रं) दुप्पट!’ असले व्हिडिओ यूट्यूबवर पैशाला पासरी मिळतात. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) काहीतरी कोंबा म्हणतात आणि जाता जाता एखादा ‘गेम बूस्टर’ गळ्यात मारतात. ड्रायव्हरशी, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरशी, खेळून फायदा व्हायचा असा काळ होता, हे खरं. एनव्हिडियाच्या जुन्या ड्रायव्हरमध्ये ‘कूलबिट्स’ची नोंद रजिस्ट्रीत घातली की क्लॉक (चिपच्या ठोक्यांचा वेग) बदलायचं दडवलेलं पान उघडायचं. 2002 च्या रेडिऑन 9500 या कार्डात तर चिप वरच्या 9700 चीच असायची, फक्त चित्र रंगवणाऱ्या आठातल्या चार पाइपलाइन बंद. ड्रायव्हरला गंडवलं की काही कार्डांवर त्या चक्क चालू व्हायच्या. असं घबाड आता मिळत नाही.

आज एमएसआय आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग्ज बदलायच्या प्रोग्रॅममध्ये कोअर क्लॉकची (मुख्य चिपच्या वेगाची) पट्टी उजवीकडे सरकवली की काय होतं? क्लॉक 2 गिगाहर्ट्झ असेल, तर प्रत्येक ठोक्याला अर्धा नॅनोसेकंद मिळतो. तेवढ्यात सिग्नलने ट्रान्झिस्टरांची अख्खी रांग ओलांडून पुढच्या रजिस्टरपाशी (बिट साठवणाऱ्या कप्प्यापाशी) पोचायचं असतं. क्लॉक वाढवला की ही मुदत आखडते. सर्वांत लांबच्या वाटेवरचा सिग्नल उशिरा आला तर चुकीचा बिट नोंदला जातो. मग स्क्रीनवर रंगीत ठिपके, नाहीतर सगळा काळोख. विंडोज साधारण 2 सेकंद वाट बघतं आणि ड्रायव्हर पुन्हा सुरू करतं. एवढ्यावरून ‘कार्ड जळालं’ म्हणून दुकानात धावायची गरज नाही.

ट्रान्झिस्टरला घाई करायला लावायची तर व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि खरी मेख तिथेच आहे. ट्रान्झिस्टरच्या प्रत्येक उघडझापीला इवलासा कपॅसिटर भरतो आणि रिकामा होतो. त्याला लागणारी ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे वीज = धारिता × व्होल्टेजचा वर्ग × वारंवारता. क्लॉक 10 टक्के वाढवला आणि त्यापायी व्होल्टेजही 10 टक्के वाढवलं, तर 1.1 चा घन करा: वीज 33 टक्के जास्त! आरटीएक्स 3080 ची मर्यादा 320 वॉट. ती गाठली की कार्डातली ‘जीपीयू बूस्ट’ ही क्लॉक सांभाळणारी यंत्रणा स्वतःच क्लॉक उतरवते.

म्हणून उलटं करायचं. कारखान्यातलं व्होल्टेज त्या मॉडेलच्या कमअस्सल चिपलाही पुरेल असं ठेवलेलं असतं. तुमच्या चिपला कदाचित कमी पुरेल. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल-एफ दाबा, व्होल्टेज-क्लॉकच्या आलेखातला 900 मिलिव्होल्टचा बिंदू हव्या त्या क्लॉकपर्यंत उचला, पुढची रेघ सपाट करा. आधी तोच क्लॉक 1050 मिलिव्होल्टला चालत असेल, तर उघडझापीची वीज 26-27 टक्क्यांनी घटते. गळती प्रवाहाचा (ट्रान्झिस्टर बंद असतानाही झिरपणाऱ्या विजेचा) हिशेब वेगळा, पण तोही कमीच होतो. वाचलेल्या वॉटांत कार्ड जास्त वेळ वरच्या क्लॉकवर टिकतं.

आफ्टरबर्नरमधली मेमरी क्लॉकची पट्टी मात्र फसवी. 3080 मधली जीडीडीआर6एक्स मेमरी चुकलेला डेटा ओळखून पुन्हा मागवते, त्यामुळे क्रॅश होत नाही, पण वेळ वाया जातो. मेगाहर्ट्झ चढलेले दिसतात आणि एफपीएस घसरलेले. असं झालं तर एफपीएस पुन्हा चढेपर्यंत पट्टी मागे घ्या.