लायसन्स गेलं, अनुदान आलं

जुन्या घरातली ट्रंक उपसली तर आजही एखाद्या वेळी रेडिओचं लायसन्स हाती लागतं. पासबुकासारखी पुस्तिका, आत दरवर्षी पोस्टात पैसे भरून चिकटवलेली तिकिटं आणि त्यांवर पोस्टाचा गोल शिक्का. मुदत टळली की वर दंड. रेडिओ ऐकायचे पैसे तेव्हा ऐकणाराच मोजत होता.

ही पद्धत ब्रिटिश काळातली. 23 जुलै 1927 रोजी लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते मुंबई केंद्र सुरू झालं, ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी या खासगी कंपनीचं. परवान्याचे वर्षाला 10 रुपये, त्यातले 8 कंपनीला. पण परवानाधारक आठ हजारांच्याही आत राहिले. मार्च 1930 मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला आणि पुढच्याच महिन्यात प्रसारण सरकारने चालवायला घेतलं. सरकारलाही ते परवडेना. 1931 मध्ये सेवा बंद करायचं ठरलंसुद्धा, पण ओरड झाली आणि निर्णय फिरवावा लागला. मग रेडिओ संचांवरची आयात जकात वाढवली आणि 1933 च्या कायद्याने विनापरवाना संच बाळगणं हाच गुन्हा केला. 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव आलं 1936 साली.

जाहिरात बरीच उशिरा आली, आणि आली तीही महाराष्ट्रातून: 1 नोव्हेंबर 1967 पासून विविध भारतीच्या मुंबई, पुणे, नागपूर केंद्रांवर. दूरदर्शनवर त्यासाठी 1976 उजाडावं लागलं. ऐंशीच्या दशकात प्रायोजित मालिकांचा पैसा वाहू लागला आणि त्याच दशकाच्या मध्यापर्यंत रेडिओ-टीव्हीचं लायसन्स इतिहासजमा झालं. पोस्टातली खेप वाचली म्हणून लोक खूश. श्रोत्याचा प्रसारणाशी असलेला थेट पैशाचा धागा मात्र तिथेच तुटला, आणि माझ्या मते स्वायत्ततेच्या पुढच्या सगळ्या चर्चेतली खरी गाठ हीच आहे.

आणीबाणीनंतर वर्गीज समितीने आकाशवाणी-दूरदर्शनसाठी स्वायत्त न्यासाची शिफारस केली होती. या दोन्ही सेवा 'प्रसार भारती' या महामंडळाकडे सोपवणारा कायदा झाला 1990 मध्ये, लागू व्हायला 15 सप्टेंबर 1997 उजाडला. त्याचं कलम 17 वाचण्यासारखं आहे. परवाना शुल्काचं उत्पन्न, 'असल्यास', महामंडळाला द्यावं आणि शिवाय केंद्राला आवश्यक वाटेल ती रक्कम भांडवल, अनुदान किंवा कर्ज म्हणून द्यावी, असं ते म्हणतं. शुल्क तर आधीच बंद झालेलं! म्हणजे उरलं काय, तर केंद्राला वाटेल ते.

कर्मचारी सरकारचे की महामंडळाचे, हे भिजत घोंगडंही बरीच वर्षं पडून होतं. अखेर 2012 च्या दुरुस्तीने 5 ऑक्टोबर 2007 पर्यंत भरती झालेल्यांना प्रतिनियुक्तीवरचे सरकारी कर्मचारी मानलं गेलं आणि त्यांच्या पगाराचा भार केंद्राने उचलला. जानेवारी 2023 मध्ये ट्रान्समीटर, स्टुडिओ यांच्या आधुनिकीकरणासाठी 2,539.61 कोटींची योजना मंजूर झाली. पगार माहिती आणि प्रसारण मंत्रालयाच्या तरतुदीतून, यंत्रंही तिथूनच. आणि संध्याकाळच्या बातम्यांत पहिली बातमी बहुधा त्याच सरकारची.