महाराणी ताराबाई

ताराबाई (१६७५–१७६१) म्हणजे सरनोबत (स्वराज्याच्या फौजेचे प्रमुख) हंबीरराव मोहित्यांची मुलगी, छत्रपती राजाराम महाराजांची राणी आणि करवीर म्हणजे आपल्या कोल्हापूर गादीची संस्थापक. माहेर कराडजवळचं तळबीड. राजाराम महाराजांच्या आई सोयराबाई या हंबीररावांच्याच बहीण, त्यामुळं नवरा नात्यानं आतेभाऊच.

मार्च १७०० मध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले तेव्हा ताराबाई पंचविशीत होत्या. आपल्या लहानग्या मुलाला, म्हणजे दुसऱ्या शिवाजीला, गादीवर बसवून कारभार त्यांनी हातात घेतला आणि पुढची सात वर्षं औरंगजेबाला एक दिवस स्वस्थ बसू दिलं नाही. तो सातारा, पन्हाळा, विशाळगड एकेक गड घेत सुटलेला. मराठ्यांचा हिशोब साधा, जमेल तितका गड लढवायचा, नाहीच जमलं तर पैसे घेऊन सोडायचा, आणि बादशहाची पाठ फिरली की पुन्हा घ्यायचा, तेवढ्यात फौजा नर्मदा ओलांडून पार माळव्यात घुसायच्या.

१७०७ ला बादशहा मेला, मोगलांनी कैदेतल्या शाहूंना, म्हणजे संभाजी महाराजांच्या मुलाला, सोडलं, आणि घरातलंच भांडण पेटलं. ताराबाईंनी त्यांना तोतया ठरवलं खरं, पण खेडच्या लढाईत त्यांचे सेनापती धनाजी जाधवच शाहूंकडं गेले, मग काय राहिलं? १७१० मध्ये ताराबाईंनी पन्हाळ्यावर वेगळी गादी मांडली, तीच ही करवीरची. ती पण त्यांच्या हातात चारच वर्षं टिकली, १७१४ ला सवत राजसबाईनं आपल्या मुलाला, दुसऱ्या संभाजीला, गादीवर बसवलं आणि ताराबाई आणि त्यांच्या मुलाला त्याच पन्हाळ्यावर कैदेत टाकलं.

इथपर्यंतचं बहुतेकांना माहीत असतं, पुढचं फारसं कुणी सांगत नाही. १७३१ च्या वारणेच्या तहानंतर, म्हणजे सातारा आणि कोल्हापूर गाद्यांमधल्या समझोत्यानंतर, त्या साताऱ्याला राहायला गेल्या, ज्या शाहूंशी लढल्या त्यांच्याच आश्रयाला. शाहू वारल्यावर रामराजाला आपला नातू म्हणून छत्रपती केलं, आणि तो पेशव्यांना दूर करेना म्हणून १७५० मध्ये सरळ त्यालाच साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केलं, पंच्याहत्तरीत! पेशव्यांविरुद्ध गुजरातेतले मराठा सरदार दमाजी गायकवाडांनाही बोलावलं, ते काही जमलं नाही. १७५२ ला जेजुरीला खंडोबासमोर शपथ घेऊन सांगितलं की रामराजा आपला नातू नाहीच. हे राजकारण म्हणून समजू शकतं, पण त्या पोराची फरपट झाली ती झालीच.

पानिपत झालं त्याच वर्षी, डिसेंबर १७६१ मध्ये त्या साताऱ्यात वारल्या, समाधी संगम माहुलीला आहे. कोल्हापुरात कावळा नाक्याला त्यांचा घोड्यावरचा पुतळा आहे, तोच ताराराणी चौक.