अँटीहिस्टामाइन औषधे आणि कर्करोग संशोधन

हिस्टामाइन या रसायनाला पेशीवरच्या ग्राहींना चिकटू न देणारी औषधे म्हणजे अँटीहिस्टामाइन. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे निघतात, पोती पालथी होतात आणि पिवळ्या धुळीने शिंका सुटल्या की मेडिकलमधून सेट्रिझिनची गोळी येते, ती याच गटातली.

कर्करोगाशी त्यांचा संबंध जुळतो तो दोन वाटांनी. पहिली प्रतिकारशक्तीची. गाठीभोवतीच्या भक्षकपेशींवर (मॅक्रोफेज) एच-१ ग्राही, म्हणजे हिस्टामाइनच्या ग्राहींचा एक प्रकार, असतात. हिस्टामाइनने ते चेतवले की कर्कपेशींवर हल्ला करणाऱ्या टी-पेशी थंडावतात आणि इम्युनोथेरपीला, म्हणजे प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या उपचाराला, दाद मिळत नाही. अमेरिकेतील एम. डी. अँडरसन केंद्राच्या संशोधकांनी हे दाखवले, आणि उंदरांत एच-१ रोखल्यावर उपचाराचा गुण वाढला. दुसरी वाट पेशीच्या आतली. लोराटाडिनसारख्या काही अँटीहिस्टामाइनचे रेणू लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या पाचक पिशवीत, साठतात, त्याचे आवरण फाटते आणि कर्कपेशी मरते. हे काम डेन्मार्कमधले.

स्वीडनच्या रुग्ण-नोंदवह्यांत डेस्लोराटाडिन व लोराटाडिन घेणाऱ्या स्तनकर्करुग्ण स्त्रिया अधिक जगल्याचे आढळले. सेट्रिझिनबाबत तसा सुसंगत फायदा दिसला नाही. म्हणजे घरातली कुठलीही ॲलर्जीची गोळी चालेल, असे मुळीच नाही. शिवाय जो जास्त जगतो त्याच्या नावावर औषधाच्या जास्त चिठ्ठ्या जमतात, त्यामुळे अशा आकड्यांवरून औषधाचा गुण ठरवणे धोक्याचे.

एच-२ हा हिस्टामाइनचा दुसरा ग्राही रोखणाऱ्या सिमेटिडिन या आम्लपित्तावरच्या औषधाची कथा जुनी. जपानमध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ६४ रुग्णांवरील चाचणीत शस्त्रक्रियेनंतर केमोसोबत ते घेणाऱ्यांपैकी ८४.६ टक्के दहा वर्षे जगले, न घेणाऱ्यांपैकी ४९.८ टक्के (२००२). एवढा फरक पाहून मन हुरळते, पण रुग्ण थोडे होते. उलट बाजूही आहे: एका प्रकारच्या रक्तकर्करोगात खुद्द हिस्टामाइनच इंटरल्यूकिन-२ या प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या प्रथिनासोबत देण्यास युरोपात २००८ मध्ये मान्यता मिळाली.

मिरज ही दवाखान्यांची नगरी. सीमाभागातूनही रुग्ण येतात. पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाचे सलाइन लावण्याआधी एव्हिलसारखे अँटीहिस्टामाइन इंजेक्शन देतात, ते रिॲक्शन टाळण्यासाठी; गाठीवरचा उपचार म्हणून नव्हे. नातेवाइकांनी हा फरक डॉक्टरांकडून नीट समजून घ्यावा आणि केमो चालू असताना कुठलीही गोळी परस्पर सुरू करू नये. या औषधांची पेटंटे संपलेली, गोळी काही रुपयांची. म्हणून मोठ्या चाचणीवर पैसा घालायला कंपन्या पुढे येत नाहीत. तो खर्च सरकारी निधीतूनच व्हायला हवा.