आधी ऊब, मग दूध

नवजात पिल्लांना उबेत ठेवायची आमची पेटी घेणारा जवळजवळ प्रत्येक जण आम्हाला विचारतो, "किती डिग्रीवर ठेवू?" आकडा खाली दिला आहे. पण तो कशासाठी, हे कळलं तर तुम्ही आकड्यापेक्षा पिल्लाकडे जास्त बघाल आणि आम्हाला तेच हवं आहे.

कुत्र्याचं पिल्लू जन्मतं तेव्हा ओलं असतं. अंगावरचं पाणी वाळता वाळता ऊब घेऊन जातं. पहिल्या आठवड्यात त्याला नीट कुडकुडताही येत नाही. बहुतेक सस्तन पिल्लांकडे तपकिरी चरबी असते, ती जाळून ती थोडा वेळ तग धरतात. डुकराच्या पिल्लाकडे तीही नसते. त्यामुळे त्याला सुरुवातीला ३२ ते ३४ अंश लागतात, तर त्याच्या आईला तेवढ्यात धाप लागते. म्हणून ऊब पिल्लांच्या कोपऱ्यात द्यायची, सगळ्या खोलीत नाही.

गारठलेल्या पिल्लाचं आतडं मंदावतं. अशा वेळी पाजलेलं दूध पचत नाही, पोटात तसंच राहतं. तोंडात बोट घालून बघा. आतून गार लागलं तर बाटली बाजूला ठेवा, पिल्लाला हळूहळू ऊब द्या आणि पशुवैद्यांना फोन करा. गरम पाण्यात बुडवणं किंवा हीटरसमोर धरणं, दोन्ही धोक्याचं.

ऊब फक्त जीव वाचवते असं नाही, अंगाची ठेवणही घडवते. ७, २१ आणि २७ अंशांवर वाढवलेल्या उंदरांची तुलना झाली आहे. उबेत वाढलेल्यांचे पाय, कान आणि शेपटी लांब निघाली, कारण वाढत्या हाडांच्या टोकांची कूर्चा उबेत जोमाने वाढते. सयामी मांजराचं पिल्लू पांढरं जन्मतं, कारण आईच्या पोटात सगळीकडे सारखी ऊब असते. बाहेर आल्यावर कान, नाक, पंजे, शेपटी हे गार भाग तेवढे काळपट होतात. आम्हाला याचं अजूनही नवल वाटतं. नर की मादी हे मात्र तापमानावर ठरत नाही. ते कासवांचं आणि मगरींचं.

आता आकडा. कुत्र्याच्या पिल्लांना पहिला आठवडा २९ ते ३२ अंश, नंतर हळूहळू उतरवत चौथ्या आठवड्यापर्यंत २१ ते २४. तापमापक पिल्लांच्या उंचीवर ठेवा, झाकणाला टांगू नका. ऊब देणारी गादी पेटीच्या अर्ध्या भागातच घाला. पिल्लाला डोळे मिटूनही ऊब शोधता येते, पण अंग तापलं तर सरकायला जागा हवी.

रात्री एकदा झाकण उचलून बघा. एकमेकांवर ढीग करून किंचाळत असतील तर थंडी वाजते आहे. लांब लांब पसरून तोंडं उघडी टाकली असतील तर गादीची ऊब कमी करा. शेजारी शेजारी निजून झोपेत पाय झटकत असतील तर झाकण हळूच लावा.